नारिंगी ड्रोनची सवलत

ड्रोनचे नियम आमचं खातं करतं, असा लोकांचा समज आहे. प्रत्यक्षात ते गोडबोल्या करतो, आम्ही शुद्धलेखन तपासतो. गोडबोल्या म्हणजे ड्रोनने सामान पोचवणाऱ्या बड्या कंपनीचा माणूस. साहेबांच्या खोलीत त्याची खास खुर्ची आहे आणि तिची गादी माझ्या खुर्चीपेक्षा जाड आहे. हे मी विसरत नाही.

त्याने आणलेला नवा नियम असा: शहरात ड्रोन बंद. वस्तीत नाही, मैदानात नाही, टेकडीवर नाही. कारण सुरक्षितता!

माझी आई भूगोल शिकवून निवृत्त झाली, गुडघ्यांनी दगा दिला आणि तिची लाडकी टेकडी सुटली. आता दर रविवारी ती मैदानात खुर्ची टाकते आणि स्वतः जोडलेल्या ड्रोनच्या कॅमेऱ्यातून टेकडीवर जाऊन येते. तेही गेलं तर तिने करायचं काय?

"फक्त आमचे वगळा," गोडबोल्या म्हणाला.

साहेब दचकले. "नियमात कंपनीचं नाव? लोक बोंब मारतील. वर्णन घाला."

"लिहा हो बाई," गोडबोल्या मोबाइलमधल्या आपल्या ड्रोनच्या फोटोकडे लेकरासारखं बघत म्हणाला, "नारिंगी रंग, चार पंखे, खाली जाळीची टोपली."

"आणखी काही?"

"उडताना शीळ वाजते!"

"घालते," मी म्हटलं.

नियम जाहीर झाला तेव्हा मी तो घाबरत घाबरत आईपुढे ठेवला. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"बंदी वाईट आहे," ती म्हणाली, "पण सवलत झकास आहे. बाबांनी फाटकाला लावलेला नारिंगी रंग उरलाय का गं? आणि ती कपड्यांच्या चिमट्यांची टोपली आण."

आईच्या ओळखीतले हौशी ड्रोनवालेही तिचंच बघून कामाला लागले. रविवारी मैदानावर संत्र्यांचा बाजार भरल्यासारखं दिसत होतं. एकाच्या ड्रोनला तर प्रेशर कुकरची शिट्टी होती.

सोमवारी गोडबोल्या लालबुंद होऊन साहेबांच्या खोलीत घुसला. "हे थांबवा! ती सवलत आमच्यासाठी होती!"

साहेबांसमोर एक वार्ताहर बाई बसल्या होत्या. त्यांनी पेनचं टोपण काढलं. "कुणासाठी म्हणालात?"

गोडबोल्याने त्या पेनाकडे पाहिलं. "आमच्या... म्हणजे, जनतेसाठी."

साहेबांनी जोरजोरात मान डोलावली. बाईंनी ते लिहून घेतलं, आणि मग नियमाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

पुढच्या रविवारी मीही मैदानात गेले. शीळ घालत आईचा ड्रोन टेकडीवर पोचला. "ती वाट बघ," पडद्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "तुला कडेवर घेऊन चढले होते मी तिथून." मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आईने माझ्या पाठीवर हात ठेवला. "त्या गोडबोल्याला माझे आभार सांग. रंग तेवढा भडक आहे. पुढच्या नियमात निळा घाल म्हणावं."