हिरवी ढाल, निळी छत्री

बाळानं अखेर डोळे उघडे ठेवले. तोंड मिटलं, मान सरळ केली आणि पासपोर्टच्या फोटोला हवा असतो तसा, जगाशी काही देणंघेणं नसलेला चेहरा करून ते कॅमेऱ्याकडे बघायला लागलं. या एका क्षणासाठी त्याचा बाप मघापासून पांढऱ्या चादरीच्या कडेला गुडघे टेकून किल्ल्यांचा जुडगा वाजवत होता. आईचे कावळ्यापासून कोकिळेपर्यंत सगळे आवाज काढून झाले होते. स्टुडिओवाली तर इतका वेळ ओणवी होती, की आता सरळ उभं राहता येईल की नाही याची तिला शंका होती.

तिनं बटण दाबलं. कॅमेरा वायरनं कॉम्प्युटरला जोडलेला होता. फोटो थेट पडद्यावर उमटायचा. तो उमटला नाही. त्याऐवजी एक चौकट उमटली: 'तुमच्या सुरक्षिततेसाठी कॉम्प्युटर रीस्टार्ट करणे आवश्यक आहे.' खाली दोन बटणं. त्यातल्या 'नंतर'चा रंग उडालेला. दाबता येत होतं ते फक्त 'आत्ता'.

"काय झालं?" बाळाच्या आईनं विचारलं.

"काही नाही हो, जरा..." काय सांगावं हे ती शोधत होती, तेवढ्यात पडदा काळा झाला. बाळानं काळ्या पडद्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि भोकाड पसरलं.

कॉम्प्युटर परत सुरू होईपर्यंत बाळ रडून रडून झोपी गेलं. झोपलेल्या माणसाला पासपोर्ट मिळत नाही. "उद्या याल का?" असं तिनं ओशाळून विचारलं आणि ती मंडळी चादरीवरचं खुळखुळ्यांचं दुकान आवरून निघून गेली.

हे काही पहिल्यांदाच घडत नव्हतं. घराच्याच पुढच्या खोलीतल्या तिच्या या स्टुडिओत गेले कित्येक दिवस अँटिव्हायरसनं हाच धोशा लावला होता. सुरुवातीला ती भाबडेपणानं ऐकायची. रीस्टार्ट करा म्हटलं, केलं. कॉम्प्युटर सुरू झाला की जरा वेळ सगळं शांत, आणि मग पुन्हा कोपऱ्यातून चौकट वर यायची, जणू मघाचं बोलणं झालंच नव्हतं. दारावरून हाकलला तरी गल्लीला वळसा घालून परत येणारा विक्रेता असतो ना, तसलाच प्रकार.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुझ्या दादाला विचार नाहीतर माझ्या भावाला विचार. फक्त दोघांना एकदम विचारू नकोस."

यातली मेख घरात सगळ्यांना ठाऊक होती. तिचा दादा एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात होता, आणि धाकटा दीर एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचं काम बघायचा. दोघंही हुशार, दोघंही मदतीला तत्पर, आणि दोघांचं एकमेकांशी विळ्याभोपळ्याचं सख्य. काही वर्षांपूर्वी एका रविवारी घरचा टीव्ही बंद पडला होता. दादा म्हणाला वायर गेलीय, दीर म्हणाला रिमोट गेलाय. शेवटी वायरही गेलेली निघाली आणि रिमोटही. टीव्ही दुरुस्त झाला. माणसं काही झाली नाहीत. तेव्हापासून दादा दिराचा उल्लेख 'प्राध्यापक' असा करायचा आणि दीर दादाचा 'मुख्यालय' असा.

आधी दीर येऊन गेला होता. "वहिनी, तुम्ही रात्री शटडाऊन करून सकाळी चालू करता ना? ते रीस्टार्टमध्ये धरत नाहीत. कॉम्प्युटर डोळे मिटतो, पण झोपत नाही. मेनूतून रीस्टार्टच निवडायचं."

"भाऊजी, मेनूतूनच करतेय."

"मग कुणीतरी याला हात लावलाय," दीर डोळे बारीक करून म्हणाला आणि काहीतरी खटाखट दाबून गेला.

मग दादा आला. त्यानं खुर्ची ओढायच्या आधीच विचारलं, "चिमणे, प्राध्यापक येऊन गेले का?" आणि तोही काहीतरी खटाखट दाबून गेला. दोन्ही वेळा चौकट संध्याकाळपर्यंत गप्प राहिली होती.

बाळ गेल्यावर त्या दुपारी ती स्टुलावर बसून पडद्याकडे बघत राहिली. दिवसभर लोकांचे चेहरे न्याहाळायचे, हाच तिचा धंदा. एक खांदा वर आहे, एक भुवई खाली आहे, हे तिला न बघताही दिसायचं. चौकट आली. तिच्या डोक्यावर हिरवी ढाल होती. तिनं मुकाट्यानं रीस्टार्ट केलं. जरा वेळानं चौकट पुन्हा आली. तीच वाक्यं, तोच आग्रह. पण या वेळी डोक्यावर होती निळी छत्री.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "हे तर दोघं आहेत!"

हिरवी ढाल मागच्या वर्षी दिरानं टाकली होती, हे तिला पक्कं आठवत होतं. निळी छत्री दादाचीच असणार. त्यानं 'बहिणीच्या धंद्याची काळजी' म्हणून गुपचूप बसवलेली. आता ढालीला वाटायचं छत्री घुसखोर आहे. ती तिला अर्धवट उपटायची आणि उरलेलं काम रीस्टार्टवर ढकलायची. कॉम्प्युटर उठला की छत्री आपली मोडतोड दुरुस्त करायची, ढालीला संशयित ठरवायची आणि रीस्टार्ट मागायची. एका म्यानात दोन तलवारी, आणि म्यान बिचारं दिवसभर उठबशा काढतंय!

तिनं ढालवाल्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. मंजुळ आवाजाची एक बाई म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे दुसरा अँटिव्हायरस आहे. तो काढून टाका, आमचा एकटाच पुरेसा आहे."

मग तिनं छत्रीवाल्यांना फोन लावला. तिथला गृहस्थ त्याहून मंजुळ होता. "मॅडम, तुमच्याकडे दुसरा अँटिव्हायरस आहे. तो काढून टाका..."

"तुमचा एकटाच पुरेसा आहे, हो ना?"

"अगदी बरोबर!" तो खूश होऊन म्हणाला.

म्हणजे प्रश्न कॉम्प्युटरचा उरलाच नाही. ढाल काढली तर दीर रुसणार, छत्री काढली तर दादा. एकाला ठेवायचं म्हणजे दुसऱ्याला पाडायचं, आणि पडलेला माणूस जेवायला येऊन दोन घास कमी खातो, हे तिनं टीव्हीच्या वेळी पाहिलं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तिनं छत्रीवाल्या गृहस्थाला आणखी एक विचारलं. "आणि दोन्ही काढले तर?"

गृहस्थ आवाज खाली करून म्हणाला, "तसं... कॉम्प्युटरमध्ये स्वतःचं एक संरक्षण आधीपासून असतंच. बाकीचे गेले की ते आपोआप जागं होतं. पण हे मी सांगितलं म्हणू नका."

तिनं फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवले, मन घट्ट केलं आणि ढाल काढली. 'आम्हाला सोडून का जाताय?' असं ढालीनं विचारलं, कारणंही मागितली. तिनं 'इतर' निवडलं. रीस्टार्ट. मग छत्री काढली. छत्रीनंही तेच विचारलं. पुन्हा रीस्टार्ट. कॉम्प्युटर उठला, जांभई दिल्यासारखा घरघरला आणि गप्प बसला. आतलं संरक्षण सुरू झाल्याची एक साधी खूण कोपऱ्यात दिसली. त्या खुणेनं काहीच मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाळ आलं. त्याचा मूड काही बरा नव्हता, पण एकदा किल्ल्यांकडे बघताना त्यानं तोंड मिटलं आणि तेवढ्यात तिनं काम उरकलं. फोटो पडद्यावर आला. बाप असा हसला, जणू पासपोर्ट त्यालाच मिळतोय.

आता उरलं घरचं. लपवाछपवी तिला जमत नसे. तिनं दोघांनाही एकाच संध्याकाळी चहाला बोलावलं. दोघं दारातच समोरासमोर आले आणि एकमेकांच्या खांद्यांवरून मागच्या भिंतीकडे बघत आत शिरले. नवरा कप घेऊन स्वयंपाकघरात जो गेला, तो बराच वेळ बाहेरच आला नाही.

"मी दोन्ही काढून टाकले," तिनं सांगून टाकलं.

"दोन्ही?" दीर म्हणाला.

"दोन्ही?" दादा म्हणाला.

आणि मग जे झालं त्याची तिला मुळीच कल्पना नव्हती.

"अहो वहिनी, असं परस्पर..."

"तेच तर! निदान विचारायचं तरी," दादा दिराकडे वळून म्हणाला. "सांगा तुम्हीच, धंद्याच्या मशीनवर असं करतात का?"

"छे! आमच्या लॅबमधली पोरंसुद्धा करणार नाहीत."

"आमच्याकडे तर यावर मेमो निघतो."

"निघायलाच पाहिजे!"

टीव्हीच्या प्रकरणानंतर पहिल्यांदाच दोघं एका बाजूला होते, आणि दुसऱ्या बाजूला ती एकटी. दादानं खुर्ची ओढली, दिरानं स्टूल. दोघं खांद्याला खांदा लावून कॉम्प्युटर तपासायला बसले. जसजसं काही चुकलेलं सापडेना, तसतसे ते जास्तच रंगात आले. तुमच्याकडे सर्व्हर कुठला, आमच्याकडे असा प्रॉब्लेम आला होता, हो का, आमच्याकडेही अगदी हाच! चहा निवला. नवऱ्यानं दुसरा केला, तोही निवला.

"तसं ठीक दिसतंय," शेवटी दीर नाइलाजानं म्हणाला.

"सध्यापुरतं," दादानं दुरुस्ती केली, आणि दिरानं मान डोलावली.

तेव्हापासून ते दोघं आपसात फोन करून जोडीनं येतात. वेगवेगळे येत होते तेव्हा निदान एकेकाला कटवता तरी यायचं. परवा कॉम्प्युटर बघून झाल्यावर दोघांची नजर एकदमच कोपऱ्यातल्या प्रिंटरकडे वळली.

"तो बरा आहे!" ती घाईघाईनं म्हणाली.

"बरा दिसतो," दोघं एका सुरात म्हणाले आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागले.