अर्धी राहिलेली नांगरट

मधुमतीने कागदावर वजन म्हणून ठेवलेला कापडी साप उचलला, दोन ओळी खाली सरकवला आणि तीच ओळ पुन्हा वाचली. हर्टफर्डच्या अभिलेखागारात शाई चालत नसे, मोठ्याने बोलणेही नाही. दोनशे वर्षांचा तो कागद फोमच्या उशीवर आजाऱ्यासारखा पडला होता, आणि शिशाचे कण भरलेले ते लांबट साप त्याला उठू देत नव्हते.

"सापडला?" शेजारून तनूने कुजबुजत विचारले. ती शिकवायची त्या शाळेला हाफ टर्मची सुट्टी होती, म्हणून लेकच तिला वॉटफर्डहून गाडीने घेऊन आली होती.

"सापडला. पण थॉर्नली एंडचा नव्हे."

जोब प्रॅटली हा मधुमतीच्या नवऱ्याचा, कॉलिनचा, सात पिढ्यांआधीचा पूर्वज. कॉलिन गेल्या हिवाळ्यात गेला. त्याची थोरली बहीण मार्जरी थॉर्नली एंड या आपल्या गावच्या चर्चसाठी घराण्याचा इतिहास छापून घेत होती, आणि त्यातले जोबचे पान मधुमतीकडे आले होते. सॉलिसिटरच्या कचेरीत तीस वर्षे जुनी खरेदीखते वाचलेली तीच एकटी घरात होती. त्या गावात जोबच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडत नाही, असे तिने कळवले तेव्हा नणंदेने फोनवर लगेच तोडगा सांगितला होता.

"मग सोडून दे. 'शेतकरी, पिढ्यान् पिढ्या इथलेच', एवढं पुरे. शुक्रवारी पान हवंय."

हा कागद म्हणजे १७९४ साली न्यायाधीशांसमोर झालेली जोबची जबानी होती. परगावचा मजूर एका मालकाकडे सलग वर्षभर राबला, की तो त्या गावचा ठरे आणि म्हातारपणी गावाला त्याला पोसावे लागे. म्हणून मालक वर्ष भरण्याआधीच माणसाला वाटेला लावत. जोबला दोन दिवस आधी काढले होते.

"आणि तो गेला?" तनूने विचारले.

"नाही ना गेला. दोन दिवस कुणी न सांगता नांगरत राहिला. मालकाने कुत्रा सोडला, तरीही."

"का पण?"

मधुमतीने कारकुनाच्या तिरक्या अक्षरावर, स्पर्श न करता, बोट धरले. "न्यायाधीशांनीही हेच विचारलं. तो म्हणाला, शेत अर्धं राहिलं होतं."

तनूला हसू आले. ते तिने ओढणीत दाबले. "बाबाचीच सवय. शेड पेंट करताना नाही का, पाऊस आला तरी ladder वरून उतरत नव्हता."

न्यायाधीशांनी ऐकले नव्हते. जोबला आणि त्याच्या गरोदर बायकोला गाडीत घालून तीन परगणे पलीकडे सोडून यावे, असा हुकूम खाली होता. मात्र चर्चच्या नोंदवहीतला पुढचा उतारा मधुमतीच्या वहीत आधीच होता: आठ महिन्यांनी, थॉर्नली एंडमध्येच, जोब प्रॅटलीच्या मुलीचा बाप्तिस्मा. तो परत आला होता.

"आई, प्लीज, हा गोष्ट नको टाकू," तनू आपल्या विलायतेत वाढलेल्या मराठीत म्हणाली. "आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षाची आहे. She'll be crushed."

मधुमतीने साप आणखी एक ओळ खाली सरकवला. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी, मार्जरीच्या स्वयंपाकघरात, नणंदेने ओली बशी तिच्या हाती देत म्हटले होते, "आमच्यात कुणी बाहेरून आलेलं नाही. तुला जड जाईल." ती बशी तिने पुसली होती. पुढची तेहतीस वर्षे दर नाताळला पुसली होती.

वेळ संपत आली. तनूने गठ्ठ्याचे वेष्टन पुढे ओढले आणि ती थांबली. आतल्या बाजूला एक पुठ्ठा चिकटवलेला होता; ज्याने कागद पाहिले त्याने नाव आणि तारीख लिहायची. त्यावर एकच नाव होते.

एम. प्रॅटली. ११ मे १९७३.

"तुझं लग्न..." तनू म्हणाली.

"त्याच वर्षी, जूनमध्ये."

खोलीत कुठेतरी पान उलटल्याचा आवाज झाला. मधुमती त्या नावाकडे पाहत राहिली. अक्षर टापटीप होते, ठाम. शेवटचा फराटा मात्र पुठ्ठ्याबाहेर घसरला होता, जणू लिहिणारी घाईने उठली असावी.

"म्हणजे तिला सगळं माहीत होता," तनूचा आवाज चढला. टेबलापलीकडच्या गृहस्थाने मान वर केली. "आणि तरी तुला... मी करते तिला फोन. सांगते, we've seen your name."

"फोन करायचा नाही."

"मग? सोडून देणार?"

"पान द्यायचं कबूल केलंय, पान देणार. शुक्रवारी. स्वतः जाऊन."

तिने मार्जरीच्या नावाखाली आपले पूर्ण नाव लिहिले, तारीख घातली. वहीतली सकाळपासून उतरवलेली दोन पाने तिने एकदा चाळली, अक्षर बारीक होते, आणि ती फाडून पर्समध्ये ठेवली. मग पेन्सिलीला टोक काढून कोऱ्या पानावर जोबची जबानी पहिल्या ओळीपासून पुन्हा उतरवायला सुरुवात केली.

"आई, अर्धा तास राहिलाय. परत कशाला?"

"मोठ्या अक्षरात हवं," मधुमती मान वर न करता म्हणाली. "मार्जरीला आता बारीक दिसत नाही."