मधल्या पाण्यातला ढोल

सन २०२१. ऑक्टोबर लागला होता, आग्नेय वारा उतरणीला आला होता, आणि मी सायबाई बेटावर एनोखच्या घरात आढ्याला टांगलेला होतो. मी ढोल आहे. बोलणं माझा धंदा, पण वायफळ मी कधी बोललो नाही.

जन्म माझा समोरच्या किनाऱ्यावर, दोरोगी गावात. गेबाने ओंडका निवडला, निखाऱ्यांनी आतून जाळून पोकळ केला. कंबर डमरूसारखी बारीक ठेवली. एक तोंड मगरीच्या जबड्यासारखं उघडं सोडलं, दुसऱ्यावर घोरपडीचं कातडं चढवलं. मेणाच्या गोळ्या चिकटवून सूर लावला आणि म्हणाला, “झालं.” एवढंच. मग मला थोरल्या भावाच्या, गामियाच्या हवाली केलं.

सायबाई आणि दोरोगी यांच्यामध्ये पाणी चिंचोळं. इकडची चूल पेटली की धूर तिकडे दिसतो. त्या पाण्यातून दोन देशांची हद्द जाते. सायबाई ऑस्ट्रेलियाचं, दोरोगी पापुआ न्यू गिनीचं. नातीगोती मात्र हद्दीच्या आधीची. ते ओळखून दोन्ही सरकारांनी करार केला आहे. लग्नाला, मयताला, मासेमारीला दोन्हीकडच्या गावकऱ्यांनी पासपोर्टाशिवाय यावं-जावं. गावच्या प्रमुखाची चिठ्ठी आणावी, किनाऱ्यावर नाव सांगावं, काम उरकून परतावं. मला हे पटतं. दाराला कडी असली म्हणून पाहुणा परका होत नाही.

साथीच्या आदल्या वर्षअखेरीस एनोखने मला उसनं मागून आणलं. बायकोच्या थडग्याचा दगड उघडायचा होता, म्हणजे नव्या दगडावरचं कापड काढून गावाने नाचायचं, आणि ढोलाशिवाय दगड उघडत नाहीत. एनोखची आजी दोरोगीची, त्या नात्याने गामिया त्याचा मामा. मामाने नाही म्हटलं नाही.

किनाऱ्यावर अडवलं ते एनोखच्या धाकट्या बहिणीने. केझिया हद्दीवरची अधिकारी. तिने मला उलटं करून झटकलं, लाकडात कीड शोधली, कातडं पुसून काढलं.

“तुझ्या वहिनीच्या दगडासाठी आणलाय गं,” एनोख म्हणाला.

“किड्याला वहिनी कळत नाही, दादा.”

दगड उघडला. मी वाजलो, बेट नाचलं. मला परत पोचवायचं आज-उद्या करत एनोखने आळस केला, तोवर साथ आली आणि हद्द बंद झाली. ना कोणी यायचं, ना कोणी जायचं. मी आढ्याला लटकलो. दमट हवेने कातडं सैल पडलं, मेण गळालं, जबड्यात पालीने संसार मांडला. माणसं अशीच. गरज असते तेव्हा मांडीवर, सरली की आढ्याला.

मग फोनवर निरोप आला. गेबा गेला, म्हातारपणाने. त्याची बायको सुतकात बसली होती. आमच्याकडे ढोल वाजल्यावाचून सुतक सुटत नाही, आणि ढोल घडवणाऱ्याचं सुतक त्याच्याच हातच्या ढोलाने सुटतं. तोवर विधवेने उंबरा ओलांडायचा नाही. ती म्हातारी अंधाऱ्या घरात बसून, आणि मी इथे पाली सांभाळत.

एनोखने मला खाली उतरवलं. निखाऱ्यांवर धरून कातडं ताणलं, नवं मेण लावलं आणि होडीत पेट्रोल भरायला घेतलं. केझिया मागे येऊन उभी राहिली.

“कुठे?”

“मासे धरायला.”

“ढोल वाजवून?”

तो चिडला. आजीने तुला मांडीवर खेळवलं ते काय याच्यासाठी, असं बरंच बोलला. ती म्हणाली, “तू गेलास तर मी तुला धरीन. आणि तू साथ घेऊन गेलास, तर त्या गावात सुतक पाळायला तरी कोण उरेल?”

एनोखने डबा खाली ठेवला.

केझियाने पलीकडच्या अधिकाऱ्याला, मोरिआला, फोन लावला. दोघांची जुनी ओळख. चोरट्या होड्या दोघांनी मिळून पकडलेल्या, भरकटलेले कोळी मिळून शोधलेले. मोरिआ म्हणाला, मधल्या वाळूच्या बेटावर ढोल ठेवा, आम्ही उचलतो. गामियाने ते उडवून लावलं. उसना ढोल वाळूत टाकून फिटत नाही, घेतला त्याने समोर वाजवून द्यावा.

सोपं होतं म्हातारा हटवादी आहे म्हणून सोडून देणं. त्या दोघांनी सोडलं नाही. आपापल्या वरिष्ठांना विचारलं, दोन्हीकडून अटी आल्या, त्या जुळवल्या. जमिनीला पाय लावायचा नाही, माणसाने माणसाला शिवायचं नाही, सगळं दिवसाढवळ्या.

मधल्या पाण्यात दोन होड्या समोरासमोर थांबल्या. इकडे एनोख आणि केझिया, तिकडे गामिया आणि मोरिआ. तोंडाला फडकी. मामा वाळला होता, जीभ तेवढी ओली होती.

“भाच्या, ढोल मागितला होतास. मला वाटलं, जावई करून घेतलास त्याला.”

“मामा, हद्द काय मी बंद केली?”

“हद्द बंद व्हायच्या आधी चांगले दोन महिने होते की. तेव्हा काय झोपला होतास?”

एनोखने मला उचललं. तो उभा राहिला. होडी हलत होती, त्याने पाय रोवले आणि मला वाजवलं. मी पुरा वाजलो, राखून काही ठेवलं नाही. दोरोगीच्या किनाऱ्यावर माणसं जमली होती. माझा आवाज ऐकून घराबाहेर पडलेली एक म्हातारी त्यांच्यातून वाट काढत आली आणि पाण्यात घोटाभर उतरून उभी राहिली. गेबाची बायको.

एनोख थांबला. केझियाने मला पुसलं, टबात ठेवलं, दोरीने पाण्यावर सोडलं. मोरिआने ओढून घेतलं. गामियाने कातड्यावर तळवा ठेवला.

“पोचला,” तो म्हणाला.