सेफ्टी काढताना

शिकारीच्या गेल्या मोसमात बुर्गलच्या उजव्या गुडघ्याने दगा दिला. चढताना काही नाही, पण गाम्स, म्हणजे कड्यांवरचा रानबकरा, मारून उतरताना पाठीवरचं जनावर, खांद्यावरची रायफल आणि वय अशी तिन्ही ओझी त्या एका गुडघ्यावर यायची. जनावर टाकून येता येत नाही, वयाला इलाज नाही. राहिली रायफल. ती वडिलांची होती, अक्रोडाच्या दस्त्याची, दुर्बिणीसकट पाच किलोंच्या घरात जाणारी. सप्टेंबरातल्या एका सकाळी तिने ती गाडीत टाकली आणि खोरं उतरून लिएन्झला लुत्सियाच्या बंदुकांच्या दुकानात गेली. जुनी देऊन टाकायची आणि हलकी घेऊन यायचं, एवढाच बेत होता.

लुत्सियाने गल्ल्यावर हिरवं कापड अंथरून तीन रायफली मांडल्या. पहिली कार्बनच्या दस्त्याची, जेमतेम अडीच किलोंची. बुर्गलने ती खांद्याला लावली आणि हसलीच.

"ही हातात आहे की नाही तेच कळत नाही."

"बार झाला की खांद्याला कळेल," लुत्सिया म्हणाली. "आणि चढून धाप लागलेली असताना ही काडीसारखी हलते. नीट विचार कर."

दुसरीची नळी आखूड होती, झुडपांतून न्यायला सोयीची, पण आवाजाने कान बसवणारी. तिसरी या दोघींपेक्षा जड, तरी वडिलांच्या रायफलीपेक्षा पुष्कळ हलकी. बुर्गलचा जीव पहिलीत अडकला होता. गुडघ्याला विचारलं असतं तर त्यानेही तीच सांगितली असती.

तिचा विचार चाललाय तोवर लुत्सियाने जुनी रायफल तपासायला घेतली. बोल्ट उघडला, नळीत बोट घालून रिकामी असल्याची खात्री केली, बोल्ट मिटला. सेफ्टी लावली आणि चाप ओढून पाहिला. काही झालं नाही, व्हायलाही नको होतं. मग चापावरचं बोट काढून तिने अंगठ्याने सेफ्टी सरकवली.

आत टक्क आवाज झाला.

लुत्सियाने पुन्हा तेच केलं. पुन्हा टक्क. त्याच्या पुढच्या खेपेला काहीच नाही, आणि मग परत टक्क.

"तू चाप दाबलास का?" बुर्गलने विचारलं.

"माझी बोटं बघ कुठे आहेत."

बोटं चापापासून लांब, दस्त्यावर होती. लुत्सियाने तिला समजावलं. आतला खटका झिजला होता. सेफ्टी लावलेली असताना चाप कशात अडकून ओढला गेला, फांदीत म्हणा, पट्ट्यात म्हणा, तर खटका कधीकधी जागेवर परत येत नव्हता. मग गोळीवर आपटणारी पिन फक्त सेफ्टीने अडवून धरलेली राहायची, आणि सेफ्टी काढली की सुटायची. त्यात या जुन्या घडणीत सेफ्टी लावलेली असेपर्यंत बोल्ट उघडत नाही. म्हणजे गोळी बाहेर काढायची तर आधी सेफ्टी काढायलाच हवी.

बुर्गल खुर्ची न शोधताच मागे सरली आणि गोळ्यांच्या खोक्यांवर बसली.

तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. तिचा नवरा कासियान हीच रायफल घेऊन तिच्या भावाबरोबर, रोमेडबरोबर, वर गेला होता. धुकं आलं म्हणून दोघं बुटक्या पाइनच्या जाळीतून उतरायला लागले. खालच्या कड्याशी कासियान गोळी काढायला थांबला, आणि बार झाला. रोमेडचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कासियानने पोलिसांना, सासऱ्याला, बायकोला एकच सांगितलं, की मी गोळी काढत होतो, चापाला हात लावला नव्हता. पोलिसाने अंगणात नुसती सेफ्टी चारदा मागेपुढे करून पाहिली, रायफल ठीक वाटली. वडील म्हणाले, "रायफल आपोआप उडत नसते." मरेपर्यंत ते जावयाशी बोलले नाहीत. कासियानचा परवाना गेला आणि तो त्याने परत मागितला नाही.

आणि बुर्गलने त्याला माफ केलं होतं. खोक्यांवर बसल्याबसल्या तिला तेच आठवलं. चूक माणसाच्याच हातून होते, मी मनात काही ठेवलेलं नाही, असं ती मोठ्या मायेने म्हणाली होती. त्या दिवसापासून तो एकदाही म्हणाला नाही की मी चाप दाबला नव्हता. तो बोलायचा थांबला याचा अर्थ तिने आपल्या मनाने लावला होता.

पुढे ती रायफल तिनेच चालवली. अपघाताच्या धास्तीने जनावर समोर दिसेपर्यंत ती नळीत गोळीच घालायची नाही. तेवढ्यावरच आजवर निभावलं होतं. तरीही घाईघाईत भरलेली रायफल घेऊन वाट चाललेले दिवस तिला आठवले, आणि त्यांतल्या काही दिवशी पुढे तिची मुलगी चालत होती. लुत्सियाने आणलेला श्नाप्सचा, कडक दारूचा, पेला तिच्या हातात तसाच राहिला.

दुरुस्त करू का, असं लुत्सियाने विचारलं. बुर्गल नको म्हणाली आणि काहीही न घेता घरी निघाली.

कासियान स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. रायफल बाहेर निघाली की तो खोलीतून जायचा, तसा आताही उठला. तिने त्याला थांबवलं, नळी रिकामी असल्याचं दाखवलं, सेफ्टी लावून चाप ओढला, बोट काढलं आणि सेफ्टी सरकवली. टक्क. तो भिंतीला जाऊन टेकला. मग त्याने हात पुसले आणि स्वतः करून पाहिलं, टक्क होईपर्यंत.

"मलाही वाटायला लागलं होतं की मीच ओढला असेल," तो म्हणाला. "आताशा स्वप्नातसुद्धा माझं बोट चापावरच असतं."

"मी तुला माफ करायला नको होतं," बुर्गल म्हणाली.

त्याने एक बटाटा उचलून हातात उगाचच फिरवला. "माफ केलंस त्याचं काही नाही गं. माझं खरं मानलं असतंस तर बरं झालं असतं."

तिने सुरी घेतली आणि उरलेले बटाटे सोलले.

संध्याकाळी तिने रोमेडला बोलावून घेतलं. त्यालाही तेच दाखवलं. रोमेड लाकडी पाय लांब करून बसला होता.

"गवताच्या माळ्याच्या छताला भोक होतं, आठवतं?" तो बहिणीला म्हणाला. "ते बाबांनी पाडलेलं, याच रायफलीने. मी तेव्हा शाळेत होतो. बोट घसरलं म्हणाले, आणि कुणाजवळ बोलू नकोस म्हणाले. मी बोललो नाही."

वडिलांना तेव्हाच शंका आली असेल का, आणि आली असेल तर अंगणात उभं राहून ते तसं कसं म्हणाले असतील, हा प्रश्न तिघांच्याही मनात आला असणार. विचारला कुणीच नाही. रोमेड निघताना दारात थांबला आणि त्याने कासियानच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्याने बराच वेळ काढला नाही.

पुढच्या आठवड्यात तिघं मिळून लिएन्झला गेले. रोमेडने जुन्या रायफलीची नळी आपल्यासमोर कापून घेतली. कासियानने नव्या तिन्हींचं वजन विचारलंच नाही. त्याने एकच विचारलं, की यातल्या कुठल्या रायफलीत सेफ्टी लावलेली असताना गोळी काढता येते. तशी फक्त तिसरी होती. बुर्गलने ती घेतली. परवान्यासाठी पुन्हा अर्ज कर, असं लुत्सियाने कासियानला सुचवलं. तो नको म्हणाला, मी हिच्याबरोबर पाठपिशवी उचलायला जाईन.

ऑक्टोबर संपता संपता पहिला गाम्स मिळाला. कांद्यावर परतलेली कलेजी खायला रोमेड आला, दोनदा वाढून घेतलं, आणि हिमवर्षाव यंदा लवकर होईल की उशिरा यावरून कासियानशी अंधार पडेपर्यंत वाद घालत बसला.