आतल्या वाटेचा पत्ता

करुणानं पुन्हा नाव टाकलं, पासवर्ड टाकला, मोबाइलवर आलेला आकडा भरला. पडद्यावर हिरवी खूण उमटली. ओळख पटली. पांढरं पान आलं, क्षणभर थरथरलं, आणि मग पुन्हा तीच पाटी: लॉग-इन करा.

"दारात उभं करून कुळ-मूळ विचारायचं, आणि ओळख पटली की म्हणायचं, या आता परत," शेजारून अभय म्हणाला. "आमच्या मोठ्या मामीची रीत ही."

"मामीला सोड. लाईन बघितलीस?"

"लाईन ठणठणीत आहे, ताई. डेटाबेसच्या उंबऱ्यापर्यंत जातोय आपण. आत कुणी घेईना."

औरंगपुऱ्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावर सकाळपासून कुणाचंच काम हललं नव्हतं. जिल्ह्यातल्या तपासणी केंद्रांचे रक्ताचे अहवाल इथं तपासले जात आणि मग डॉक्टरांकडं जात. सगळी माहिती क्लाउडवर. कालपर्यंत तिथं उघड्या इंटरनेटवरून जाता यायचं, म्हणजे हमरस्त्यानं, साऱ्या जगाच्या रहदारीतून. केंद्रांनी आग्रह धरला म्हणून आजपासून खाजगी लाईन सुरू झाली होती. फक्त ऑफिसच्या पावलांची, बांधाबांधानं जाणारी पायवाट. हमरस्ता ऑफिसपुरता बंद केलेला. पायवाट तर झाली, पण पोचणं काही होईना.

फोन वाजला. सिल्लोडकडच्या केंद्रावरची बाई होती.

"अहो मॅडम, बाळंतिणीला रक्त चढवायचंय. तिचा रिपोर्ट तुमच्याकडं अडकलाय. डॉक्टर माझ्यावर खेकसायलेत."

"देते. आत्ता देते."

"मघाशी तुमच्या सुलेखा मॅडमचे दोन आले की. त्यांचं चालतंय अन् बाकीच्यांना काय झालं?"

करुणानं फोन ठेवला. उठली, खिडकीपाशी गेली. खाली रिक्षा एकमेकींत अडकल्या होत्या, आणि हॉर्नवरचा हात कुणी काढत नव्हतं. ती परत येऊन बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

सुलेखा ऑफिसात नव्हती. पावसाळ्यात सासू पडली, मांडीचं हाड मोडलं. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. तेव्हापासून सुलेखा सोयगावला, घरूनच काम करत होती. तिला हो म्हटलं होतं करुणानं. वरच्या मजल्यावर बसणाऱ्या विश्वजीत सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ऑफिसबाहेरून कुणी अहवालांना हात लावणार नाही, असा त्यांनी केंद्रांना शब्द दिला होता.

तिनं सोयगावला फोन लावला.

"बोला ताई."

"तुझं चालू आहे?"

"व्हय, मस्त. का हो?"

मागून तिच्या सासूचा, चतुराबाईचा आवाज आला, "कोण हाय? मशीनीतलीच बाई का? तिला म्हणावं, सून आमची हाय. जेवायला तरी सोडत जा!"

सुलेखा हसली. "सासूबाई तुम्हाला माझी थोरली सासू म्हणत्यात, ताई."

करुणाला हसू आलं नाही. "लॉग-इन झाल्यावर तुला कुठं नेतं? वरची पत्त्याची ओळ वाच. एकेक अक्षर."

सुलेखा वाचू लागली. करुणा पडद्यावरच्या नव्या लाईनीच्या पत्त्यावर बोट ठेवून मागोमाग सरकत गेली. मध्येच बोट थांबलं. सुलेखाच्या पत्त्यात एक शब्द कमी होता, खाजगी लाईनीचा. अभय तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्यानं हळूच कपाळावर हात मारून घेतला.

ओळख पटवणाऱ्या यंत्रणेला नवा पत्ता कुणी सांगितलाच नव्हता. आल्यागेल्या प्रत्येकाला ती जुन्याच, हमरस्त्यावरच्या दाराकडं धाडत होती. ऑफिसला ते दार बंद, सोयगावला उघडं.

"दोन्ही पत्ते ठेवता येतील?" करुणानं फोनवर हात ठेवून विचारलं.

"नाय, ताई. हा डेटाबेस एकच मानतो. एक तर बाहेरचा, नायतर आतला."

"सापडलं का काही?" सुलेखा विचारत होती. "माझं चुकलं का?"

"नाही गं. तुझ्यामुळंच सापडलं."

"बघा! आणि आमची म्हातारी म्हणती, दिसभर टकटक करून कुणाचं भलं होतंय."

करुणानं फोन ठेवला. माउस हातात घेतला, सोडला. पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली. दुसरा फोन वाजायला लागला. पुन्हा सिल्लोड.

तिनं आतला पत्ता टाकला आणि जतन केला.

खोलीभर एकदम खुर्च्या सरकल्या. "झालं!" "माझंही झालं!" बाळंतिणीचा अहवाल पहिला गेला. कुणीतरी शिट्टी वाजवली. करुणाच्या मोबाइलवर सुलेखाचा निरोप आला: ताई, मला बाहेर काढलं.

"आजारी आहे म्हणून तिची रजा टाका दोन दिवस," अभय खालच्या आवाजात म्हणाला. "पुढचं पुढं बघू."

"आणि पुढं?"

अभयनं मान पडद्याकडं वळवली.

करुणा जिना चढली. मध्यावर थांबली, दोन पायऱ्या उतरली, आणि मग झपझप वर गेली.

"झालं म्हणे चालू. शाब्बास!" विश्वजीत सर म्हणाले. "काय होतं?"

"पत्ता जुना राहिला होता, सर." एवढ्यावर निघता आलं असतं. ती उभीच राहिली. "आणि सर, आपलं एक माणूस बाहेर राहिलंय."

तिनं सांगितलं. पाऊस, सासू, सोयगाव, आपण दिलेली परवानगी, सगळं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी केंद्रांना काय शब्द दिलाय, माहितंय ना?"

"व्हय, सर." ऑफिसात तिच्या तोंडून कधी न निघणारा शब्द निघून गेला. "तिचं मशीन आपल्या लाईनीत घेता येतं. बाहेरचं कुणी शिरणार नाही, ते मी बघते. पण तुमची परवानगी लागेल, आणि केंद्रांना तुम्हालाच सांगावं लागेल. नाहीतर..."

"फोन लावा तिला. स्पीकरवर ठेवा."

करुणाचा अंगठा दोनदा चुकला. घंटा वाजू लागली. सरांनी हातानंच तिला समोरची खुर्ची दाखवली. ती टोकावर टेकली.

"ताई!" सुलेखाचा दबका, घाईचा आवाज खोलीभर झाला. "कवाची खटपट करतेय, आत घेतच नाय मला. तुम्ही बघा निवांत. अन् ऐका, सर खाली आले तर म्हणा, सुलेखा चहाला गेलीय. अभय तसंच सांगतो दरवेळी."

करुणानं डोळे मिटले.

सर पुढं वाकले. फोन त्यांनी स्वतःकडं ओढून घेतला.

"सुलेखा," ते म्हणाले, "झाला का चहा?"