नखातला भात

एका माणसाचा भात ही काय करायची गोष्ट आहे का, असं पुतळाबाईंना मनापासून वाटायचं. भात शिजायचा तर टोप कसा भरलेला हवा. मूठभर तांदूळ टाकले की ते तळाला चिकटून बसतात, वर नुसतं पाणी खदखदतं, आणि आपण उगाच झाकण उघडून बघत राहायचं. दहा-बारा माणसांच्या खटल्यात घडलेला त्यांचा हात. चिमूटभर मीठ घ्यायला गेला तरी मूठ वळायची. एकदा स्वतःपुरतं म्हणून वालाचं बिरडं केलं, ते खालचे भाडेकरू, वॉचमन आणि गल्लीतला कुत्रा अशा सगळ्यांना वाटून दुसऱ्या दिवशी संपलं. तेव्हापासून त्यांनी टोपाचा नादच सोडला.

रबाळे गावठाणातलं जुनं घर पाडून मुलाने, धनेशने, तिथे चार मजली इमारत उभी केली होती. खाली भाडेकरू, वरच्या मजल्यावर पुतळाबाई आणि त्यांचे यजमान गोटीरामबाबा. धनेश आणि सून नमिता नोकरीपायी पुण्याला. वर्षापूर्वीपर्यंत हे असंच बरं चाललं होतं. मग गोटीरामबाबांचं डोकं त्यांना सोडून चाललं. आधी नावं गेली, मग माणसं गेली. संध्याकाळ झाली की म्हातारा फावडं शोधायचा आणि मिठागरावर जायला निघायचा. मिठागर कुठलं आता, तिथे इमारती झाल्या त्याला जमाना झाला. एकदा महापे रोडला ट्रकच्या रांगेत मधोमध उभे सापडले, एकदा टेम्पोने घासून टाकलं. तेव्हा धनेशने त्यांना महाप्याच्या मागच्या बाजूला अशा म्हाताऱ्यांचं एक सेवाकेंद्र आहे, तिथे ठेवलं. धनेश वाईट मुलगा नव्हता, हे सांगून ठेवलेलं बरं. गावात तोंडाला येईल ते बोलणारे कमी नव्हते.

तर आता पुतळाबाई एकट्या. आणि एकटं माणूस जेवतं कसं, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न. कारण लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या नवऱ्याआधी कधी जेवल्याच नव्हत्या. त्याने तसं सांगितलेलं नव्हतं. घरातल्या बायका पुरुषांच्या मागून जेवायच्या, त्याही जेवल्या, आणि पुढे घशालाच ते वळण लागलं. आता हे बरोबर की चूक यावर भाषणं झोडणारे पुष्कळ आहेत. पण ती भाषणं पुतळाबाईंच्या घशाला कोण ऐकवणार?

मग असं ठरलं की केंद्रातल्या संघमित्रा सिस्टरनी संध्याकाळी फोन करायचा. सिस्टर तुर्भ्याला राहायच्या, मूळच्या मराठवाड्यातल्या, बोलायला रोखठोक पण मायेच्या. "आजी, बाबांचं जेवण झालं बरं का," एवढंच त्या सांगायच्या. ते ऐकलं की पुतळाबाई गॅसकडे वळायच्या. वळायच्या म्हणजे काय, चहाचं आधण ठेवायच्या. चहा आणि खारी. त्यानंतर धनेशचा फोन.

"आई, जेवलीस?"

"जेवली. भात नि जवला केला व्हता."

हे त्यांना फार सोपं जायचं. जेवली म्हणून सांगणं हा त्यांचा हातखंडा विषय होता. त्याची गोष्ट अशी की, लग्नानंतरची पहिली काही वर्षं पावसाळा फार वाईट जायचा. मिठागर बंद, जुना तांदूळ संपत आलेला, नवं पीक यायला अवकाश. पुतळाबाई सगळ्यांना वाढायच्या आणि टोपात खरवड तेवढी उरायची. नवरा विचारायचा, तू? त्या म्हणायच्या, मी जेवली. एकदा तो पाणी प्यायला उठला, झाकण उचललं, आणि त्याला कळायचं ते कळलं. दुसऱ्या रात्री निजायच्या आधी म्हणाला, "हात दे." त्यांचा उजवा हात नाकाशी नेऊन त्याने वास घेतला. जवळ्याचं, त्या बारीक सुक्या कोळंबीचं, कालवण हाताने खाल्लं की वास कितीही धुवा, जात नाही. हाताला राखेचा नि पाण्याचा वास आला की तो उठून बसायचा. मग पुतळाबाई हुशार झाल्या. टोप घासायच्या आधी बोटं त्याच्या कालवण लागलेल्या काठावरून फिरवून घ्यायच्या. नवरा वास घ्यायचा आणि निजायचा. आपण त्याला फसवतो याचं त्यांना वाईट वाटायचं, पण थोडी गंमतही वाटायची.

त्यातल्या त्यात बरं म्हणजे नवऱ्याचं खाणं कमी. अर्धी भाकरी ताटात उरायचीच. "पोट भरला," म्हणून तो उठायचा, आणि त्या अर्ध्या भाकरीवर पुतळाबाईंनी कित्येक पावसाळे काढले. पुढे सुबत्ता आली, टोप भरू लागला, तरी अर्धी भाकरी उरायची ती उरायचीच. आमच्या ह्यांचं खाणं चिमणीएवढं, असं त्या गावभर सांगत. केंद्रात ठेवतानासुद्धा त्यांनी सिस्टरना तेच सांगितलं होतं.

म्हणूनच बाबांचं वजन उतरायला लागलं तरी केंद्रात आधी कुणी फार मनावर घेतलं नाही. मग एका संध्याकाळी सिस्टरनी वेगळाच सूर लावला.

"आजी, तुम्हाला सांगू नये असं वाटत होतं. बाबा अर्धंच जेवतात. डॉक्टर म्हणतात, असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. नळी घातली की बाबा ती ओढून काढणार, म्हणजे हात बांधावे लागणार. मला ते बघवायचं नाही."

"त्यांचा खाना पैल्यापासून कमीच हाय ओ," पुतळाबाई म्हणाल्या.

"भूक नाही असं नाही. ताटात मधोमध बोटाने रेघ मारतात आणि म्हणतात, हा अर्धा तिला ठेव. ती जेवली नाय. कितीही समजावलं तरी तेच."

पुतळाबाईंनी फोन ठेवला. त्या रात्री त्यांनी चहासुद्धा केला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणाच्या वेळेला त्या केंद्रात जाऊन बसल्या. एरवी त्या सकाळच्या यायच्या, जेवताना बाबांना त्यांनी पाहिलंच नव्हतं. ताट आलं, वरण, भात, दुधी. बाबांनी रेघ मारली आणि अर्धा भात बाजूला सारला.

"सगला खा," पुतळाबाई म्हणाल्या. "मी जेवली."

बाबांनी वर पाहिलं. पाहुण्याकडे बघावं तसं ते भल्या चेहऱ्याने हसले. "तू जेवली ता बरा झाला, बाय. पन घरान माजी बायको हाय. ती नाय जेवली."

"मीच ती. पुतला."

"पुतला तरनी हाय," बाबा म्हणाले.

पुतळाबाईंना हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरले. त्यांनी दुसऱ्या बाजूने धरून पाहिलं. "बरा. मी तिच्याकरनंच आली. तिनी निरोप दिलाय, मी जेवली म्हनून."

"ती रोज तसाच सांगते," बाबा म्हणाले आणि ताट त्यांनी पुढे ढकललं.

घरी येताना रिक्षात पुतळाबाईंना हाताची आठवण झाली. त्यांना एकदम हुशारी आली. बोलण्याने नाही पटत, तर वासाने पटेल. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर त्यांनी ओट्यावर परात घेतली, मूठभर जवळा निवडला, धुतला. कांदा, ठेचलेला लसूण, हळद, मिरची, वर दोन आमसुलं. लहानशा पातेलीत मूठभर भात. पातेली लहान घेतली तर भात तळाला बसत नाही, एवढी साधी गोष्ट त्यांना इतक्या महिन्यांत कळली नव्हती. ताट वाढून त्या बसल्या. घास उचलला. तोंडाशी नेला. आणि घसा जो मिटला तो मिटलाच. तो तिकडे अर्ध्या पोटी, आणि मी इथे गरम भात गिळू? त्यांनी घास खाली ठेवला. मग जुनी सवय कामाला आली. बोटं कालवणात फिरवली, पुसल्यासारखी केली, ताटावर ताट झाकलं आणि रिक्षा पकडली.

"हात बघा," त्या बाबांना म्हणाल्या.

बाबांनी हात नाकाशी नेला. त्यांचा चेहरा असा उघडला की दाराशी उभ्या असलेल्या सिस्टरही पुढे आल्या. "पुतला," बाबा म्हणाले. पुतळाबाईंच्या जिवात जीव आला. पण बाबांनी हात सोडला नाही. पालथा केला, डोळ्यांजवळ नेला, एकेक बोट उलगडून पाहिलं.

"वास हाय," ते म्हणाले. "नखान भात नाय. लावून आलीय."

आणि मिठागरावर सोबतच्या गड्याला सांगावं तसं, आवाज खाली घेऊन ते सिस्टरना म्हणाले, "तिना बोलू नको. तिना वाईट वाटल. अर्दा ठेव, म्हंजे झाला."

पुतळाबाई खुर्चीतच बसून राहिल्या. म्हणजे यांना माहीत होतं. पहिल्या रात्रीपासून माहीत होतं. वास घेऊन निजल्याचं सोंग करायचे आणि दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी टाकून उठायचे. पोट भरला म्हणे. आणि मी गावभर सांगत फिरले, यांचं खाणं चिमणीएवढं. दिवसभर मीठ ओढणाऱ्या माणसाचं पोट अर्ध्या भाकरीने भरतं का, हे एकदाही माझ्या मनात आलं नाही. पुढे घरात सगळं आलं, पण तेव्हा तरी मी पोटभर जेवते यावर यांचा विश्वास कुठे होता? आणि का असावा? त्यांना स्वतःचा इतका राग आला की तिथेच कपाळ आपटून घ्यावंसं वाटलं. त्या उठल्या आणि नीट घरी आल्या. पण आता जेवून उपयोग नव्हता, तिकडे दिवे मालवले होते. झाकलेलं ताट तसंच होतं.

पुढच्या दिवशी पाच वाजता त्यांनी पुन्हा तोच स्वयंपाक केला. एक मूठ तांदूळ, एक मूठ जवळा. ताट घेऊन त्या बसल्या आणि घास तोंडात घातला. नवऱ्याआधीचा पहिला घास. तो काही सुखासुखी उतरला नाही. पाणी प्यायल्या, दुसरा घेतला, रडल्या, तिसरा घेतला. कालवणाला चव आली होती की नाही, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ताट पुसून खाल्लं, हातावर नुसतं पाणी ओतलं आणि निघाल्या.

बाबांनी वास घेतला. मग नखं पाहिली. करंगळीच्या नखाच्या कडेला भाताचं शीत सुकून बसलं होतं. ते त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं, आणि हात अलगद मांडीवर ठेवून दिला.

"जेवली," ते म्हणाले. मग ताट ओढलं आणि त्यात रेघ न मारता जेवायला बसले. सगळं जेवले. दुधीसुद्धा. सिस्टर बाहेर जाऊन डोळे पुसून आल्या. पुतळाबाई बघत होत्या. माणूस भुकेला होता आणि किती भुकेला होता, ते त्यांना आता दिसत होतं. जेवण झाल्यावर बाबांनी त्यांच्याकडे वळून विचारलं, "कोन गो तू?"

"पुतलाची शेजारीन," त्या म्हणाल्या.

त्यानंतर पुतळाबाई रोज पाचला जेवू लागल्या. कधी जवळा, कधी सुका बोंबील, शनिवारी वालाचं बिरडं, पण बरोबर एका माणसाचं. हाताने माप ओळखलं होतं. बाकीच्या म्हाताऱ्यांनी मासळीच्या वासाची तक्रार केली, ती सिस्टरनी निस्तरली. बाबांच्या अंगावर थोडं मांस आलं. नळीचं नाव निघालं नाही. नावाने मात्र त्यांनी एकदाही हाक मारली नाही. शेजारीण यायची, हात दाखवायची, बाबा जेवायचे. पुतळाबाईंना त्याचं दुःख होतंच. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माणूस आपल्यामुळे पोटभर जेवतोय, हेही होतं.

माघात बाबांना ताप आला, छातीत कफ झाला, आणि दोन दिवसांत सगळं संपलं. हात बांधावे लागले नाहीत.

सुतकात घरात चूल पेटली नाही, भावकीतून डबे आले. बारावं झालं. धनेश म्हणाला, आई, आता पुण्याला चल. नमिताही मनापासून म्हणाली. पुतळाबाई म्हणाल्या, थोरे दिवस जाऊ दे. दुपारी ती दोघं निघाली, गाडी वळेपर्यंत त्या खिडकीत उभ्या होत्या, मग आडव्या झाल्या.

पाच वाजता उठल्या. मूठभर जवळा निवडला. लहान पातेली ठेवली. जेवल्या, ताट पुसून जेवल्या. हातावर नुसतं पाणी ओतलं, पिशवी घेतली, चपला घातल्या, दाराला कुलूप लावलं आणि सगळे जिने उतरून खाली आल्या. कोपऱ्यावरचा ओळखीचा रिक्षावाला नेहमीप्रमाणे पुढे आला आणि त्यांच्याकडे बघून थांबला. त्याला बातमी माहीत होती.

तेव्हा पुतळाबाईंना कळलं. मग आल्या वाटेने वर गेल्या, कुलूप उघडलं, आणि आतल्या रिकाम्या खाटेकडे बघून म्हणाल्या, "मी जेवली ओ."

सांगितलेलं सगळं खरं होतं, आणि तपासून बघायला कुणी नव्हतं. त्या रात्री पुतळाबाईंनी हात धुतला नाही.