उडत्यांचा वाटा

गर्रर्र करत काहीतरी फरशीवरून घरंगळत आलं, सोफ्याच्या पायाला आपटलं आणि स्वतःभोवती गिरक्या घेत टप्पकन आडवं झालं.

अफशीनने श्वास रोखून धरला. दुपारचे अडीच. तरन्नुमला निजवून जेमतेम वीस मिनिटं झाली होती, आणि ती वीस मिनिटं अफशीनने समोरच्या खोक्याकडे नुसतं बघण्यात घालवली होती. खोकं यज्ञेश्वरकाकांचं. सकाळी त्यांचा मुलगा सलिल दारातूनच देऊन गेला. आत सोल्डरिंग आयर्न, बारीक टोकांचे चिमटे, भिंग, औषधांच्या रिकाम्या डब्यांत भरलेले सुटे भाग. वर काकांच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी: ‘अफशीन, सगळ्यांत वाटून टाक. मला आता दिसत नाही, हेच खरं.’

वाटायचं काम तिचंच होतं. घरी बसून सर्किट जोडायचा नाद असलेली अकरा माणसं, त्यांचा फोनवरचा एक गट. जुन्या पद्धतीचे, लांब पाय असलेले भाग बुधवार पेठेत दहा-वीस असे सुटे मिळतात. पण हे नवे, तांदळाच्या कणीएवढे, बोर्डाच्या अंगाला चिकटून बसणारे भाग पट्टीच्या खणांत बसवून रिळावर गुंडाळून येतात. एका रिळावर दोन हजार. माणसाला हवे असतात वीस. म्हणून रीळ सगळ्यांत मिळून मागवायचं आणि पट्ट्या कापून घ्यायच्या. पॉलिटेक्निकातली शिकवायची नोकरी सोडून अफशीन घरी बसली, तेव्हापासून कात्री तिच्या हातात आली. वीस मागितले की ती पंचवीसची पट्टी कापायची. वरचे पाच असेच. चिमट्यातून उडून कोपऱ्यात गडप होतात त्यांच्यासाठी. काकांनी त्याला नाव दिलं होतं, उडत्यांचा वाटा. ते म्हणायचे, “चिमट्यातून उडालं की ते आपलं राहत नाही बरं का. ते घराचं झालं. झाडणारीला दंडवत घालायचा आणि पुढचं उचलायचं.”

त्याच काकांनी महिन्यापूर्वी गट सोडला होता.

हेमाकाकू चार वर्षं अंथरुणावर आहेत, कमरेखाली संवेदना नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली हवेची गादी असते. पंप तिच्यातली हवा आलटून पालटून इकडची तिकडे करतो. बाजारचा पंप दोनदा बंद पडला, तेव्हा काकांनी तो चालवणारा बोर्ड स्वतः तयार केला. गटात फोटो टाकला होता, नातवंडाचा टाकावा तसा. अकरा दिवस तो उत्तम चालला. बाराव्या दिवशी, काका खाली कोथिंबीर आणायला गेले तेवढ्यात, बोर्डावरचा एक भाग आतल्या आत शॉर्ट होऊन तापत गेला. फ्यूज उडावा इतका प्रवाह नव्हता. नुसतं धुमसायला पुरे एवढा होता. पायथ्याशी बसवलेला बोर्डाचा प्लास्टिकचा डबा वितळला आणि काकूंच्या टाचेला चिकटला. काकूंना काही कळलं नाही. त्या रेडिओ ऐकत पडून होत्या. काकांना जिन्यातच वास आला.

‘चूक माझी,’ काकांनी गटात लिहिलं होतं. ‘जोडणी चुकली असणार. हात आणि डोळे दोन्ही गेले. मी थांबतो.’

“अम्मी, माझं चाक पडलं.”

तरन्नुम दारात उभी. केस विस्कटलेले, डोळ्यांत झोपेचा मागमूस नाही. म्हणजे बाई इतका वेळ पलंगावर पडून चाक फिरवत होत्या. उरलेली पट्टी डबीत काढून ठेवली की रिकामी रिळं तिच्या खेळण्यांत जायची. बशीएवढी पांढरी चकती, मध्ये भोक. चार वर्षांच्या मुलीला याहून चांगलं चाक कुठे मिळणार?

“झोपायचं नाटक छान जमतं हं तुला,” म्हणत अफशीनने चाक उचललं. त्याच्यावर हिरवा गोल स्टिकर होता. तिने स्वतः लावलेला. सवयीने तिची नजर स्टिकरशेजारच्या छापील ओळीवर गेली.

ती तिने पुन्हा वाचली. मग खिडकीशी नेऊन वाचली.

डिसेंबरात दोन रिळं आली होती. दोन्ही कपॅसिटर, एकाच मापाचे, एकाच तपकिरी रंगाचे, दोन्ही दहा मायक्रोफॅरडचे. मीटर लावला तर दोन्हींचं उत्तर दहाच येणार. फरक एवढाच, की एक पन्नास व्होल्ट सोसणारं आणि दुसरं जेमतेम सहा. या भागांच्या अंगावर एक अक्षर छापलेलं नसतं. रिळावरून कापले की त्यांना नाव नाही, गाव नाही. रिळावर छापलेलं तर मुंगीच्या पायांएवढं. ते दर वेळी कोण वाचणार, म्हणून अफशीनने स्टिकर लावले होते. हिरवा पन्नासला, लाल सहाला. आणि स्टिकर बघून भराभर पट्ट्या कापल्या होत्या.

हातातल्या हिरव्या स्टिकरच्या रिळावर सहा छापलेलं होतं.

तिने पलंगाखाली हात घालून दुसरं रीळ ओढून काढलं. लाल स्टिकर. पन्नास.

“तरू,” तिला स्वतःचा आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटला, “हे स्टिकर कुणी लावले?”

“मी!” तरन्नुम खूश झाली. “तू कुकर बंद करायला गेलीस ना, तेव्हा. मी दोघांची अदलाबदल केली. हिरव्याला लाल, लालला हिरवा. सरळ लावलेत बघ, एक पण वाकडा नाही.”

खरंच नव्हता. एकही वाकडा नव्हता.

अफशीन होती तिथेच फरशीवर बसली. तिला तो दिवस लख्ख आठवला. तिसरी शिट्टी, कात्री खाली ठेवून केलेली धावपळ, परत येऊन कापलेली पहिली पट्टी. काकांचीच. त्यांचा पंप चोवीस व्होल्टवर चालतो, हे तिला ठाऊक होतं. ‘काका, तुमच्यासाठी खास पैलवान गडी पाठवतेय,’ असं पाकिटावर तिनेच लिहिलं होतं.

बराच वेळ तिला बोटांची टोकंच जाणवेनात. मग एकदम सगळं जाणवलं. तिने फोन ओढला आणि गटात लिहिलं: ‘डिसेंबरची हिरवी पट्टी कुणीही वापरू नका. ती सहाची आहे. लावली असेल तर आत्ताच्या आत्ता बंद करा. चूक माझी.’

उत्तरं येऊ लागली. कुणी पाकीट फोडलंच नव्हतं, कुणी डबीसकट बाजूला ठेवलं. बुद्धभूषणने लिहिलं, ‘मी पाच व्होल्टच्या दिव्याला लावलेत. दिवाही जिवंत, मीही. घाबरू नकोस.’ तासाभरात नऊ जणांचं कळलं. दहावी ती स्वतः. अकरावा माणूस गटातच नव्हता.

काकांचा नंबर तिने दोनदा लावला आणि वाजायच्या आत दोनदा कापला. हे फोनवर सांगायचं नव्हतं.

रिक्षात खोकं मांडीवर, तरन्नुम खिडकीच्या बाजूला, दोन्ही रिळं तिच्या हातात. ती सोडायला तयारच झाली नाही. स्वारगेटच्या सिग्नलला अफशीनने मनाशी ठरवून टाकलं: मुलीचं नाव घ्यायचं नाही. आणि खोटं तरी काय होतं त्यात? छापलेलं समोर होतं. वाचलं नाही ते तिनेच.

नारायण पेठेत काकांच्या दाराला त्यांनीच केलेली बेल असायची. दर सणाला वेगळी धून वाजवणारी. आज तिथे काळी चिकटपट्टी गुंडाळलेल्या दोन तारा लोंबत होत्या. अफशीनने दार ठोठावलं.

काकांनी दार उघडलं, आधी खोक्याकडे पाहिलं. “परत आणलंस? दान दिलेल्या वस्तूला नाकं मुरडायची नसतात.”

“काका, आत येऊ?”

“आलीच आहेस. चप्पल तेवढी बाहेर.”

काकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. पांघरुणाबाहेर आलेल्या डाव्या पायाला घोट्यापर्यंत पांढरं बँडेज. अफशीनने बसायच्या आधीच सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. रिळं पुढे केली. “हिरवं समजून मी तुम्हाला सहाचं दिलं. छापलेलं वाचलं नाही. तुमची जोडणी बरोबर होती, काका. मला माफ करा. काकू, मला...”

काकांनी खोक्यातून स्वतःचं भिंग काढलं, एक रीळ बघितलं, मग दुसरं. उठून कपाटातून एक पाकीट आणलं. ‘पैलवान गडी’ लिहिलेलं. त्यातून पट्टीचा एक तुकडा हातावर घेतला. पाच खण, पाचही भरलेले.

“वीस लागले होते बोर्डाला,” ते हळूच म्हणाले. “वीसच लागले. हे पाच तसेच राहिले. एकही उडालं नव्हतं, अफशीन.” त्यांनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला आणि परका हात निरखावा तसा उलटसुलट करून पाहिला. “मीटरवर तपासले होते गं मी. दहाच दाखवत होता.”

“दहाच दाखवणार, काका.”

“सहाच्या जिवावर चोवीसचा भार.” ते रिळं मांडीवर घेऊन मट्कन खुर्चीत बसले. “अकरा दिवस ओढला बिचाऱ्यांनी.”

“ऐकलंत ना?” काकू पलंगावरून म्हणाल्या. “महिनाभर आंधळे म्हणून वावरताय घरात. परवा चहात मीठ. म्हणे दिसलं नाही. डबा उघडताना वास नाही का येत?”

“हेमा, मिठाला वास नसतो.”

“मग चव घ्यायची.” त्यांनी अफशीनकडे पाहिलं. त्या पाहण्यात माया होती की राग, अफशीनला ठरवता येईना. “आणि तू. डोळे पूस आधी. भाजला पाय माझा, आणि चूक वाटून घेताय तुम्ही दोघं. माझ्या वाट्याला काही ठेवणार आहात का?”

कुणाला हसू आलं नाही. काका पट्टीच्या तुकड्यावरून अंगठा फिरवत राहिले.

तरन्नुम एव्हाना पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभी होती. बँडेज तिच्या नाकासमोर होतं. तिने बोट पुढे केलं, लावलं नाही.

“दुखतं?”

“नाही गं बाळा. तिथलं मला काही कळतच नाही.”

“मग कुणाला कळतं?”

“तुझ्या या आजोबांना,” काकू म्हणाल्या. “महिनाभर त्यांनाच कळतंय.”

तरन्नुमने वळून काकांकडे पाहिलं. खुर्चीतल्या त्या वाकलेल्या माणसाकडे, त्याच्या मांडीवरच्या दोन चाकांकडे, चाकांवरच्या हिरव्या नि लाल गोलांकडे. तिच्या कपाळावर आठी पडली. अवघड कोडं सोडवताना पडते तशी. मग ती येऊन अफशीनच्या ओढणीला बिलगली. कुजबुजायचं म्हणून कुजबुजली, पण चार वर्षांच्या मुलीची कुजबुज ती. खोलीभर ऐकू गेली.

“अम्मी, स्टिकर तर मी बदलले होते ना? मग सॉरी मी पण म्हणू?”